मिक्सरवाल्याची मुदत

“त्याला म्हणावं, यंदा नाही म्हणजे नाही!” मोठ्या बाईंनी कप बशीत आपटला.

समोर बसलेल्या मुलाने मान खाली घातली. धंद्यात हात पोळल्यापासून तो बहुतेक वेळ असाच बसायचा, आणि बाईंना त्या खाली घातलेल्या मानेचा उबग आला होता. बापाने दुमजली घर उभं केलं, आणि या दिवट्याला साधा भाडेकरू हलवता येत नाही!

“आई, करार संपतोय. तो वर आला की दरवर्षीसारखं हो म्हण. एवढंच कर.”

“दरवर्षी हो म्हटलं म्हणूनच तो डोक्यावर मिऱ्या वाटतोय.”

खालच्या मजल्यावर मिक्सर दुरुस्तीचं दुकान थाटून, मागच्या खोल्यांत बिऱ्हाड मांडून बसलेला हा माणूस. बाई त्याला मिक्सरवाला म्हणत. नाव विचारण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नव्हती. जन्मभर शाळा चालवलेल्या बाईंच्या कानाशी दिवसभर ती घरघर! दाराशी मिक्सरच्या जळक्या मोटारींचा ढीग, आणि वर शिरजोरी किती? न विचारता जिन्याला कठडा बसवला, घराला बाहेरून रंग काढला. बाईंना चढताना आधार हवा, म्हणे. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

परवा तर कहर झाला. त्याच्या बायकोने गच्चीभर चादरी वाळत घातल्या. बाईंनी खडसावलं, तर ती म्हणते कशी, “गच्ची काय तुमच्या एकट्यांची आहे?” बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथेच त्यांनी ठरवून टाकलं.

“आई, समजा तुला माझ्याकडे राहायला यावं लागलं, तर?” मुलाने चाचरत विचारलं.

“तुझ्या त्या खुराड्यात? सुनेच्या हाताखाली? त्यापेक्षा मी इथल्या जिन्यात मरेन.”

हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. नवरा गेला, शाळा सुटली, मुलगा असा निघाला. आता हा वरचा मजला आणि इथली त्यांची सत्ता, एवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं.

दार वाजलं. मिक्सरवाला चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला, काळे झालेले हात फडक्याला पुसत. बाईंनी त्याला कधी बस म्हटलं नव्हतं. आजही म्हटलं नाही.

“मुदत संपतेय, बाई. विचारायला आलो. पुढचं वर्ष करायचं का?”

“तुझं काय म्हणणं?”

“थोरल्याचं लग्न ठरलंय. जागा अपुरी पडते आम्हाला. तरी म्हटलं, आधी बाईंना विचारू.”

बाईंना हसू आलं. लग्नाचं तुणतुणं वाजवून गडी दया मागतोय!

“अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने. त्याला मी काय करू?”

“आई, हो म्हण ना,” मुलगा काकुळतीला आला. “तुझ्या पाया पडतो.”

एका मिक्सरवाल्यासाठी आईच्या पाया! शी! बाईंनी तोंड फिरवलं.

“नीट विचार करून सांगा, बाई,” मिक्सरवाला म्हणाला. “एकदा नाही म्हणालात की मग मागे फिरणं नाही.”

“मला शिकवतोस? ऐक तर. करार वाढणार नाही. ही काळ्या दगडावरची रेघ. आणि बायकोला जरा वळण लाव, पुढच्या घरी उपयोगी पडेल.”

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंना मात्र फार बरं वाटलं. भर वर्गात एखाद्या द्वाड पोराला उभं केल्यावर वाटायचं, तसंच.

मिक्सरवाल्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग आत आला, खुर्ची ओढली आणि बसला.

“ऐकलंत ना, साहेब?” तो मुलाला म्हणाला. “हे घर मी तुमच्याकडून विकत घेतलं तेव्हा शब्द दिला होता, बाई स्वतःच्या तोंडाने नको म्हणेपर्यंत त्यांना इथून हलवणार नाही. आता महिनाअखेरीला वरचा मजला रिकामा करून द्या.”