तिसरा दाणा

कापसाच्या गाड्या अकोल्यात खाली करून अय्युब बहिणीकडं जेवायला आला, तो हसतच. "आपा, रेल्वेसाठी जमीन मोजणारा सायेब म्हणे, ही धरती फिरून राहिली. जात्यावानी. दिवस-रात्र!"

दळता दळता खुर्शीदबीचा हात थांबला. "मंग तुह्या दुल्हाभाईच्या कबरीचं कसं? मक्केकडं तोंड करून निजवलं होतं ना त्याईले? आता ते तोंड कुठं फिरलं असन रे?"

अय्युबचं हसू मावळलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. जरा विचार करून त्यानं जात्याच्या वरच्या दगडावर ज्वारीचे दोन दाणे ठेवले आणि खुंटा धरून दगड हळू फिरवला. "पाह्य, हा दाणा म्हणजे कबर अन् हा मक्का. दोघं बी संगंच फिरतात. एकमेकाची दिशा सोडत नाहीत. जे मातीत ठेवलं, ते जागचं हालत नाही, आपा. तू काहून घाबरतं?"

तिनं ते दोन दाणे न्याहाळले. तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. मग तिनं सुपातून तिसरा दाणा उचलला आणि चिमटीत धरून दगडावर नेला. दगड थांबला होता, तरी तिचा हात खाली टेकेना.

"अन् माह्या बशीरचं काय? कापसाच्या पैशावर हजले निघालं माहं लेकरू, जहाजावरच गेलं. समिंदरात सोडलं जहाजवाल्याईनं त्याले. सांग अय्युब, हा दाणा कुठं ठेवू?"