छातीचा फोटो

“या डोळ्यापुढे भलेभले ताठ बसलेत,” असं फोटोग्राफरकाकांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची स्वतःची हनुवटी डॉक्टरीणबाईंच्या यंत्रावर टेकलेली होती आणि लालभडक डोळ्यातून पाणी गळत होतं.

“काका, बोलू नका, हलताय तुम्ही. डोळ्याला आतून सूज आहे. हातावर सुई टोचून करतात ती चाचणी करून घ्या आणि छातीचा फोटो काढून आणा.”

“दुखतोय डोळा आणि फोटो छातीचा? असा धंदा मी केला असता, तर गिऱ्हाइकांनी कॅमेरा माझ्या डोक्यात घातला असता.”

“कधीकधी टीबी छातीत दबा धरून बसतो आणि भोगतो डोळा. दुर्लक्ष केलंत तर नजर जाईल.”

नजर गेली की स्टुडिओ गेला. काका गुमान दोन्ही करून आले. बाईंनी फोटो उजेडासमोर धरला.

“हा बघा, जुना डाग. चाचणीही टीबीकडेच बोट दाखवतेय. औषधं न चुकता घेतलीत, तर डोळा बहुधा वाचेल.”

काकांनी चांगला डोळा बारीक करून तो डाग बराच वेळ न्याहाळला.



“तेवढा डाग काढून एक कॉपी द्या ना, घरी बायकोला दाखवायला.”