सरळ फळ्या

"इथे नको," म्हातारा फुटपाथवरच थबकला. "पुढच्या गल्लीत आणखी एक दुकान आहे."

"हे चौथं आहे, बाबा. आता माझे पाय बोलायला लागलेत," असं म्हणत लेक आत शिरलीसुद्धा.

लेक शाळेत शिकवायची. तिच्या घरात पुस्तकं पलंगाखालून निघून फ्रिजवर आणि तिथून जिन्यात पोचली होती. त्यांच्यासाठी तिला कपाट हवं होतं, तेही जुनं, काचेच्या दारांचं. पारख करायला बापाला बरोबर आणलं होतं. बाप सुतार, चाळीस वर्षं रंधा मारलेला. मग त्यालाच करायला का नाही सांगितलं?

त्याचं उत्तर अकरा वर्षांपूर्वीचं होतं. लग्नात बापाने स्वतःच्या हाताने केलेलं पुस्तकांचं कपाट पाठवलं आणि लेकीने, नव्या घरात शोभणार नाही म्हणून, ते दारातूनच परत धाडलं.  त्यानंतर तिच्या घरात बापाने साधी खुंटीसुद्धा ठोकली नाही. पुढे तिने दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा त्याने डोळ्यांकडे बोट दाखवलं. "दिसत नाही गं आता. हत्यारं कधीच देऊन टाकली." हे सांगताना त्याच्या कानामागे अर्धी पेन्सिल होती.

दुकानदार गोल, गोड आणि कसलीच घाई नसलेला. त्याच्याकडे प्रत्येक कपाटाला वय होतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या चपला बघून वाढायचं.

"या ताई, या आजोबा." त्याने आत हाक दिली, "तीन चहा. एक बिनसाखरेचा."

मग तो पहिल्या कपाटापाशी गेला. "हे शंभर वर्षांचं. ही किडीची भोकं बघा. नव्या लाकडाला असतात का कधी?"

म्हाताऱ्याने खिशातली आगकाडी काढून एका भोकात घातली. काडी सरळ आत गेली. "कीड वाकडी चालते," तो म्हणाला. "ही कीड भोक पाडायचं गिरमिट घेऊन आली होती."

लेक हसली. दुकानदारही हसला, जरा उशिरा.

दुसऱ्या कपाटाची पाठ प्लायवूडची निघाली. तिसरं मात्र खरंच जुनं होतं. म्हाताऱ्याने बिजागरीवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. "हे अस्सल आहे. घे."

लेकीने प्रत्येक फळीच्या मधोमध तळहात दाबला. आधीच्या तिन्ही दुकानांत तिने हेच केलं होतं. "फळ्या वाकल्यात."

"वाकणारच! वयाने माणूस वाकतो, फळीचं काय घेऊन बसलीस?"

"नको हे."

"अगं, तुला जुनं तर हवंय आणि म्हातारपण नकोय!"

ती पुढे गेलीही होती. खिडकीखाली एक बुटकं, रुंद कपाट होतं. तिने गुडघे टेकले. एक फळी दाबली, दुसरी, तिसरी, चौथी. मग उठलीच नाही.

"नजर आहे हां ताईंना," दुकानदार पुढे आला. "हे ऐंशी वर्षांचं. एका वकिलाच्या घरातलं." एवढ्यात त्याचं लक्ष म्हाताऱ्याकडे गेलं आणि वकिलाची हकीकत तिथेच आटोपली.

"बाबा, हे कसं आहे?"

म्हाताऱ्याने या कपाटाला हात लावला नाही. आगकाडीही काढली नाही. "ते मघाचं घे."

"मी याचं विचारतेय."

"काम चांगलं आहे."

"जुनं आहे का?"

दुकानदार कपातल्या चहाकडे एकटक बघत राहिला. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"टिकेल," तो म्हणाला. "तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल."

"मग हेच." ती टेम्पो ठरवायला बाहेर गेली.

दुकानदाराने श्वास सोडला. "मिस्त्री, घाम फोडलात की! लेकीला घेऊन नेमके माझ्याच दुकानात?"

"मी कुठे आणलं? तीच शिरली."

"दोन वर्षं पडून होतं तुमचं हे बाळ. सांगून थकलो, फळ्यांना जरा बाक द्या, जुनं दिसेल. रंग म्हातारा केलात, कडा झिजवल्यात, पण फळी वाकवायची म्हटलं की तुमचा हात चालत नाही!"

"त्यावर पुस्तकं ठेवायची असतात." म्हाताऱ्याने दाराकडे बघत आवाज खाली आणला. "तिच्याकडून नव्याचा भाव घे. उरलेलं माझ्या पुढच्या कामातून काप. आणि कोणी केलंय ते तिला कळता कामा नये. पुन्हा परत धाडेल."

लेक परत आल्यावर दुकानदाराने भाव सांगितला तो जुन्या कपाटांच्या निम्म्यावर आलेला होता. लेकीने घासाघीस केली नाही.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याने कपाटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"ऐंशी वर्षांचं? मला तर नवंकोरं वाटतंय. फसवलं असेल तर उद्याच परत करू."

"खबरदार!" ती पुस्तकं लावता लावता म्हणाली. "चार दुकानं धुंडाळली तेव्हा कुठे बाबांच्या हातचं सापडलं. आणि हे बघ, त्यांच्यासमोर मात्र ऐंशी वर्षांचंच म्हणायचं."