बाईंच्या दारातली बादली

"बाई, फुटक्या काचा तेवढ्या कागदात गुंडाळून देत जा हो," असं कचरा नेणारी मावशी कितीदा तरी विनवायची. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या बाई मात्र ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. शेवटी एकदा मावशीचा तळहात फाटला, चिघळला आणि त्यातच ती गेली. मुकादम चौकशीला आला, तेव्हा बाईंनी सरळ कानांवर हात ठेवले. "तिलाच कामाचं वळण नव्हतं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून कचऱ्याची गाडी येऊन गेली तरी बादली रिकामी मिळेना. आधी तीत बाईंच्या दिवंगत यजमानांचा चष्मा निघाला, स्वच्छ धुतलेला. मग त्यांच्या लग्नाचा फोटो. दोन्ही वस्तू कुलूपबंद कपाटातल्या, आणि घरात बाई एकट्याच.

तिसऱ्या सकाळी त्यांनी बादली बाहेर ठेवलीच नाही. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात गाडीवरचा नवा कामगार उभा होता.

"आज कचरा नाही," बाई करवादल्या.

त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावरून आत बघत त्याने अदबीने विचारलं, "मावशी, यांना ओल्यात घालू की सुक्यात?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला आणि पावलं बाहेर येऊ लागली.