तुटणारा तंगूस

"काका, यातला लवकर तुटणारा तंगूस कुठला?"

गळाला लावायचा तंगूस विकण्यात माझा जन्म गेला. सगळे दणकट मागतात. मी वैतागलो. "अगं विजू, मासा सुटला तर नवरा तुझ्यावरच ओरडेल."

"ओरडू देत. हे शेवाळलेल्या खडकावर उभे राहतात, वर तंगूस मनगटाला गुंडाळतात. परवा एका तांबोशी माशानं खेचत पार कडेपर्यंत नेलं. गुडघे सोलले, पण सोडायचं नाव नाही. खाली समुद्र आहे हो."

हातातला जाड तंगूस मी ठेवून दिला आणि बारीक काढला.

आज विजूचा नवरा तणतणत दुकानात आला. "काका, कसला कुजका माल विकता! एवढी मोठी तांबोशी गेली माझी!"

"शिव्या घाल बाबा," मी चहा पुढे सरकवला. "ऐकायला बरं वाटतंय."