बोगद्याची मंजुरी
सूर्याशेजारून ताऱ्यांकडे जाणारा बोगदा मानवजातीला अखेर सापडला होता. होता तो तापलेल्या विरळ वायूचा पट्टा. त्यातून कुणी कुठे जाणार नव्हतं. तो शोधणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ वीबकेची उद्या म्युनिकमध्ये कायमच्या नोकरीसाठी मुलाखत होती आणि उद्याच्याच वर्तमानपत्रात तिची बातमी. जर्मन रिवाजाप्रमाणे वार्ताहर लॉइब्लने तिची विधानं छापण्याआधी मंजुरीला पाठवली. तिने सतरा ठिकाणचा ‘बोगदा’ खोडून फोन लावला. “फ्राउ डॉक्टर, वायूच्या पट्ट्यासाठी पेपर कोण घेईल?” “आणि बोगदेवालीला नोकरी कोण देईल, लॉइब्लसाहेब?” “बरं. तुम्ही लिहिलंत तसंच छापतो.” शब्दाला जागून त्याने तसंच छापलं. सकाळी निवडसमितीच्या अध्यक्षांनी पहिलं पान टेबलावर पसरलं: ‘सूर्यमालेबाहेर पडायचा बोगदा सापडला’. “बसा. भुयारी रेल्वेने आलात की यातून?” मथळे मंजुरीला पाठवण्याचा रिवाज नाही.