कामाचा हात

गर्भपातानंतर बाई दवाखान्याच्या खाटेवर उठून बसली, तशी नर्सताई एकेक गर्भनिरोधक साधन समजावू लागली.

"गोळ्या नकोत. मागचं पाकीट यांना सापडलं, तेव्हा दात घशात घातले. लोक नुसतं म्हणतात तसे नाही, खरेखुरे दोन."

"मग इंजेक्शन? दर तीन महिन्यांनी यायचं."

"दर वेळी घराबाहेर कोण सोडतंय?"

शेवटी दंडाच्या कातडीखाली बसवायची बारीक काडी तिला पटली. एकदा बसवली की तीन वर्षं बघायला नको.

"कामाच्या हातात बसवत नाही आम्ही," नर्सताई म्हणाली. "कामाचा हात कोणता?"

 

"यांचा उजवा. म्हणून पिरगाळला जातो माझा डावा. तुम्ही उजव्यात बसवा, ताई."